बिटवीन जॉब्स म्हणा, पण कागदावर काय लिहिलंय ते आधी बघा

"ताई, इंटरव्ह्यूत गॅपबद्दल विचारलं तर काय सांगू?" हा प्रश्न मला आमच्या नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या, ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या इतक्या पोरापोरींनी विचारलाय की आता एकदा नीट बसून लिहूनच टाकते. मी हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्यामोठ्या कारखान्यांचं पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, फुल अँड फायनल म्हणजे नोकरी सुटतानाचा शेवटचा हिशेब, हे सगळं बघते, म्हणजे माणूस लागतो तेव्हाचा कागद आणि जातो तेव्हाचा कागद, दोन्ही माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये जे सांगतात त्याच्यापेक्षा माझं सांगणं थोडं वेगळं आहे, पण वाचा, कारण त्यात तुमचे पैसे अडकलेले आहेत.

तर इंग्रजीत नोकरी नसलेल्या माणसासाठी एक वाक्प्रचार फार चालतो, बिटवीन जॉब्स. अर्थ सोपा आहे, आधीची नोकरी संपलीय आणि पुढची अजून लागायचीय. "आय ॲम बिटवीन जॉब्स ॲट द मोमेंट" असं कोणी म्हटलं की समोरच्याने समजून घ्यायचं, सध्या हाताला काम नाही पण शोध चालू आहे. अनएम्प्लॉइड म्हटलं की सरकारी फॉर्म भरल्यासारखं वाटतं, जॉबलेस म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच कीव येते, म्हणून लोकांना हा शब्द बरा वाटतो, आणि मला विचाराल तर बोलण्यात तो खुशाल वापरावा, नोकरी गेलेल्या माणसाने दर चार माणसांत स्वतःची जखम उघडी करून दाखवायची काही गरज नाही.

पण कुठे वापरायचा आणि कुठे नाही ते कळलं पाहिजे. ज्याने अजून एकही नोकरी केली नाही त्याने हे म्हणू नये, इंजिनिअरिंग करून नुकताच बाहेर पडलेला पोरगा बिटवीन जॉब्स नसतो, तो फ्रेशर असतो आणि फ्रेशर म्हणण्यात काहीच कमीपणा नाही. चार-सहा महिन्यांपर्यंत हे वाक्य शोभतं, दोन वर्षांनंतरही तेच म्हणत राहिलं तर समोरचा मनातल्या मनात हिशेब करतोच, तेव्हा मग मधल्या काळात काय केलं ते सांगावं. नोटीस पिरियडमध्ये कंपनीने पगार चालू ठेवून घरी बसवलं असेल, ज्याला ब्रिटिश लोक गार्डनिंग लीव्ह म्हणतात, तर तोही बिटवीन जॉब्स नाही, तुम्ही अजून नोकरीतच आहात. लग्नात, ट्रेनमध्ये, जुन्या कलीगला लिंक्डइनवर मेसेज टाकताना ठीक आहे, पण होम लोनचा फॉर्म, व्हिसाचा फॉर्म, इन्शुरन्सचा फॉर्म, तिथे एम्प्लॉयमेंट स्टेटसच्या रकान्यात जे खरं आहे तेच लिहायचं, अनएम्प्लॉइड. तिथे गोड शब्दाला किंमत नसते आणि उद्या माहिती लपवली म्हणून क्लेम अडकू शकतो.

आणि इंटरव्ह्यूत एवढंच म्हणून थांबू नका, त्याच्या पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं. प्रोजेक्ट संपला, पूर्ण टीम कमी केली, तेव्हापासून मी अमुक शिकतोय, आणि लगेच जॉइन होऊ शकतो. बस. आधीच्या मॅनेजरला नावं ठेवायची नाहीत आणि लांबण लावायची नाही.

माझ्याकडे एक पोरगी आली होती, बुटीबोरीच्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला होती, तिथली एक लाइन बंद केली आणि तिच्यासकट बऱ्याच जणांना कमी केलं. मी सहज प्रॅक्टिससाठी विचारलं तर ती सरळ म्हणाली, "आय वॉज फायर्ड". मी तिला तिथेच थांबवलं. फायर्ड म्हणजे तुझ्या कामामुळे किंवा वागण्यामुळे काढलं, ब्रिटिश लोक ज्याला सॅक्ड म्हणतात ते. लेड ऑफ म्हणजे कंपनीच्या कारणाने काढलं, तुझा त्यात दोष नाही, ब्रिटनमध्ये याला मेड रिडंडंट म्हणतात. हा फरक इंटरव्ह्यू घेणाऱ्यासाठी जमीन-अस्मानाचा आहे. आपण मराठीत "नारळ दिला" म्हणतो त्यात चूक कोणाची ते काही कळत नाही, त्यामुळे पोरं इंग्रजीत पहिला आठवेल तो शब्द उचलतात आणि न केलेला गुन्हा स्वतःच कबूल करून बसतात. त्या पोरीला मी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, माय पोझिशन वॉज कट व्हेन द लाइन वॉज शट डाउन. पहिल्यांदा म्हणताना तिचे डोळे भरून आले होते, कारण आपली काही चूक नव्हती हे तोपर्यंत तिला कोणी मोठ्याने म्हटलंच नव्हतं.

आता घरच्यांचं. नागपुरात "काय करून राहिला सध्या?" या प्रश्नातून कोणाची सुटका नाही, आणि मला तो प्रश्न वाईट वाटतही नाही, बहुतेक वेळा विचारणाऱ्याला खरंच काळजी असते. माझ्या धाकट्या भावाची आयटीतली नोकरी गेली तेव्हा आमच्या मामांनी विचारलंच.

"काय करून राहिला रे सध्या?"

"बिटवीन जॉब्स आहे मामा."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिली गेली, दुसरी पाहून राहिलो."

"मग असं सांग ना बाप्पा. माह्या ओळखीचा एक जण आहे मिहानमध्ये, त्याले फोन लावू का?"

मिहान म्हणजे आमच्या विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग. मामा तिथल्या तिथे फोन काढून बसले. त्या फोनमधून पुढे काही निघालं नाही ते सोडा, पण मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते, बाहेरच्यांना काय सांगायचं ते सांगा, घरच्यांना सरळ सांगा. नवरा-बायकोत तर आधी सांगा. मी अशी माणसं बघितलीत जी नोकरी गेल्यावरही रोज डबा घेऊन निघत होती आणि दिवसभर फुटाळा तलावावर नाहीतर लायब्ररीत बसून संध्याकाळी घरी येत होती. त्यांचा डबा भरणाऱ्या बाईला महिनाअखेरीस बँकेच्या मेसेजवरून कळायचं.

लेऑफ हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, पण नागपूरला तो आयटीवाल्यांनी आणला नाही. माझे सासरे एम्प्रेस मिलमध्ये विणकाम खात्यात होते. जमशेटजी टाटांनी ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. १८८६ मध्ये त्यांनी मिलच्या लोकांसाठी पेन्शन फंड सुरू केला, तेव्हा आपल्या देशात असला कुठला कायदा नव्हता. बाबा सांगायचे, कापूस कमी पडला, वीज गेली, मशीन बंद पडली की खात्याला ले-ऑफ मिळायचा. सकाळी ठरलेल्या वेळी गेटवर जायचं, हजेरी लावायची, काम नाही म्हटलं की परत यायचं. पगार निम्मा. पण नाव मस्टरवर राहायचं, काम आलं की त्याच गेटमधून आत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफचा अर्थ हाच लिहिला होता, कोळसा, वीज, कच्चा माल नाही किंवा मशीन बिघडलं म्हणून तात्पुरतं काम देता न येणं. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात वर्षभर काम केलेल्याला बेसिक आणि डीएच्या (महागाई भत्त्याच्या) निम्मे पैसे द्यायचे, आणि त्यासाठी रोज एकदा हजर व्हायचं. त्या कायद्याच्या जागी आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली, पण ले-ऑफचा हा अर्थ आणि निम्म्या पगाराची तरतूद तिच्यातही आहे.

म्हणजे बाबांच्या ले-ऑफमध्ये परत बोलावणं होतं. आज कंपन्या ज्याला लेऑफ म्हणतात त्यात परत बोलावणं नाही, लॅपटॉप जमा करा, आयडी कार्ड द्या, संध्याकाळपर्यंत ईमेल बंद. कायद्यात याला ले-ऑफ नाही म्हणत, रिट्रेंचमेंट म्हणतात, म्हणजे कपात. आणि तिचे पैसे वेगळे असतात. (मिलचं शेवटी काय झालं ते नागपूरकरांना माहीतच आहे, ती सरकारी महामंडळाकडे गेली, या शतकाच्या सुरुवातीला कायमची बंद पडली आणि आता त्या जागेवर मॉल आहे. बाबा शेवटपर्यंत त्या मॉलमध्ये गेले नाहीत.)

कपातीचा नियम साधा आहे. वर्षभर सलग काम झालेल्या कामगाराला कमी करायचं असेल तर कारण सांगून एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, नाहीतर तेवढा पगार द्यायचा, आणि वर पूर्ण झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. आता तुम्ही म्हणाल हे मिलवाल्यांना, आम्ही तर ऑफिसवाले. तर कामगार कोण हे व्हिजिटिंग कार्डवरच्या पदावरून ठरत नाही. टेक्निकल आणि क्लार्कचं कामसुद्धा त्या व्याख्येत येतं, मॅनेजरचं येत नाही, आणि वाद झाला तर कोर्ट बघतं की तुम्ही दिवसभर खरोखर काय करत होता. नाव मॅनेजर पण हाताखाली कोणी नाही, सुट्टी मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर कोड लिहायचा किंवा एक्सेल भरायचा, अशा माणसाने आपण कामगार नाहीच असं परस्पर ठरवून टाकू नये.

माझ्या भावाचं सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. त्याला एचआरने मीटिंगला बोलावलं, वीस मिनिटांत विषय संपवला, म्हणाले की बिझनेस कमी झालाय, तुमचा रोल राहत नाही, पण तुमच्या करिअरवर डाग नको म्हणून तुम्हीच राजीनामा द्या. मजकूर तयार होता. "वैयक्तिक कारणांमुळे मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे", इंग्रजीत, खाली त्याचं नाव, फक्त सेंड करायचं. मॅडम फार गोड बोलत होत्या, पुढच्या कंपनीत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला सोपं जाईल, रिलिव्हिंग लेटर लगेच मिळेल. तो म्हणाला पाच मिनिटं द्या, आणि पार्किंगमध्ये येऊन त्याने मला फोन केला. आवाज असा होता की मला आधी वाटलं घरी कोणाला काही झालं.

मी म्हटलं, सेंड करू नको. आधी मला सांग, तुला सोडायचंय का? नाही ना? मग स्वेच्छेने कुठून आलं?

कारण तो एक शब्द बदलला की सगळा हिशेब बदलतो. राजीनामा दिला की कपात झालीच नाही, कपात नाही म्हणजे भरपाई नाही, उलट काही ठिकाणी नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून तुमच्याकडूनच पैसे कापतात. उद्या कामगार आयुक्तांच्या ऑफिसमध्ये गेलात तर समोरचा तुमचाच ईमेल काढून दाखवेल. जबरदस्तीने लिहून घेतलं होतं हे सिद्ध करता येतं, पण ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि त्यात वर्षं जातात.

त्याने वर जाऊन एवढंच लिहून पाठवलं, की आजच्या मीटिंगमध्ये माझा रोल संपल्याचं मला सांगण्यात आलं, मी राजीनामा दिलेला नाही, कंपनीचा जो निर्णय असेल तो कारणासकट लेखी द्यावा. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. तारीख आणि वेळ टाकली, स्वतःच्या पर्सनल मेलला सीसी ठेवलं, कारण ऑफिसचा मेल बंद झाला की पुरावा पण गेला. मागच्या काही पगाराच्या स्लिपा आणि अपॉइंटमेंट लेटर त्याच दिवशी डाउनलोड करून घेतले. दोन दिवस फोन येत राहिले, मग वरच्या कोणाचा तरी फोन आला, मग पत्र आलं. त्यात स्वेच्छा हा शब्द नव्हता, पद रद्द झाल्यामुळे सेवा समाप्त असं होतं, नोटीसचा पगार होता आणि वर भरपाई होती. सगळ्यांचं इतक्यात मिटत नाही हे मला कामामुळे चांगलं माहितीये, पण मागितलंच नाही तर शून्य टक्के मिळतं, आणि पुढच्या इंटरव्ह्यूत त्याला त्या पत्राने काही अडचण झाली नाही, उलट का सोडलं याचं उत्तर छापील तयार होतं.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनाम्यानेही बुडत नाही हे लक्षात ठेवा, कारण या एका भीतीपोटी खूप लोक गप्प बसतात. पाच वर्षं सलग झाली की ती तुमचीच. हिशेब घरी करता येतो, शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याला पंधराने गुणायचं, सव्वीसने भागायचं, आणि वर्षांनी गुणायचं. बेसिक-डीए २६,००० असेल तर वर्षाला सरळ १५,००० होतात, सहा वर्षांचे ९०,०००. पाच वर्षं सात महिने झाले असतील तर सहा धरायची, सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष मोजतात. ३० दिवसांत द्यायला हवी. आणि उरलेल्या पगाराचं म्हणाल तर २०१९ च्या वेतन संहितेत काढलं काय किंवा राजीनामा दिला काय, दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असं लिहिलंय, फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतातच ही फक्त सवय आहे.

कारखान्यातल्या पोरांसाठी अजून एक, आणि हे तर कोणाला माहितीच नसतं. ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे आणि ईएसआयसी कापली जाते त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, २०१८ मध्ये सुरू झाली. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या कमाईच्या काही टक्के, जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा. आधी २५ टक्के होते, कोरोनाच्या वेळी २०२० मध्ये ५० टक्के केले. तिची मुदत थोडी थोडी करून वाढवत आलेत, त्यामुळे क्लेम टाकायच्या आधी आपल्या ईएसआयसी ब्रांचमध्ये विचारून घ्या. त्याच्याही आधीची, २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत भत्ता. आता बघा, पुन्हा तेच, कपात झाली तर. कागदावर राजीनामा असेल तर खिडकीवरचा माणूस तरी काय करणार. आठ-दहा हजाराच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाकडून ठेकेदार कोऱ्या कागदावर सही घेतो तेव्हा तो त्याचे हे पैसेही काढून घेतो. मला या गोष्टीचा इतका राग येतो की माझ्या हातून असा कागद जाऊ लागला तर मी आधी त्या माणसाला फोन करून विचारते, भाऊ, तुम्ही खरंच सोडलं का?

पीएफबद्दल थोडक्यात. नोकरी गेल्या गेल्या सगळा काढायला धावू नका, विशेषतः पेन्शन स्कीममध्ये दहा वर्षं व्हायला आली असतील तर, कारण दहा वर्षांची सेवा झाली की महिन्याच्या पेन्शनचा हक्क लागतो आणि मध्येच काढलं तर वर्षं पुन्हा शून्यापासून. नवीन ठिकाणी त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, ट्रान्सफर करा. फक्त पोर्टलवर डेट ऑफ एग्झिट टाकलीय का ते बघा, बऱ्याच कंपन्या टाकत नाहीत आणि मग सगळं अडून बसतं. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तुम्ही स्वतःही टाकू शकता. आणि कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-बाबा असतील तर शेवटच्या दिवसाच्या आधी इन्शुरन्स कंपनीला विचारा, वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण ते मुदतीत करावं लागतं.

इंग्लंडमध्ये बेकार माणसासाठी दुसरा एक वाक्प्रचार आहे, ऑन द डोल. तिथे १९११ च्या नॅशनल इन्शुरन्स कायद्याने आधी जहाजबांधणी, इंजिनिअरिंग, बांधकाम अशा काही धंद्यांतल्या कामगारांना बेकारी विमा मिळाला, पुढे पहिल्या महायुद्धानंतर तो पसरत गेला आणि सरकारकडून आठवड्याला पैसे घेणारा माणूस ऑन द डोल झाला. आपल्याकडे तो वाक्प्रचार वापरायची सोयच नाही कारण सगळ्यांसाठी असा भत्ताच नाही. तसं संविधानाच्या कलम ४१ मध्ये लिहिलेलं आहे, की राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे कामाचा हक्क आणि बेकारीत सरकारी मदत मिळण्यासाठी तरतूद करावी, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात जाऊन मागता येत नाही. त्यातल्या त्यात महाराष्ट्राने मोठं काम केलं, १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागेंच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, काम मागितलं की काम द्यायचं आणि नाही दिलं तर भत्ता. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे ती. पण ती गावाकडच्या मजुरीसाठी. शहरातल्या नोकरी गेलेल्या माणसाला पूर्वी घरचे म्हणायचे "एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव टाकलं का?", आता ते सगळं महास्वयम पोर्टलवर गेलंय. नाव टाकून ठेवा, टाकायला पैसे पडत नाहीत, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

आणि सरकारच्या मोजणीत तुम्ही कदाचित बेकार नसालही. केंद्र सरकारचा श्रमबल सर्वे आहे, पीएलएफएस, त्यात आठवड्याच्या हिशेबाने मोजतात तेव्हा सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं तरी तो माणूस रोजगारात धरतात. नोकरी गेल्यावर रात्री दोन तास डिलिव्हरी करणारा आमच्या गल्लीतला पोरगा त्या तक्त्यात कामावर आहे. तो स्वतःला बिटवीन जॉब्स म्हणतो आणि माझ्या मते बरोबर म्हणतो.

बायकांचं वेगळं लिहायला हवं खरं तर. मूल झाल्यावर दोन-तीन वर्षं घरी राहिलेल्या माझ्या मैत्रिणी विचारतात, आम्ही काय म्हणायचं. बिटवीन जॉब्स नका म्हणू, करिअर ब्रेक म्हणा, कारण तो तुम्ही घेतला आणि संपवला, आणि रेझ्युमेवर तारखांसकट एका ओळीत लिहून टाका, इंटरव्ह्यू घेणाऱ्याला अंदाज बांधायला लावू नका. पण ज्यांच्याकडून प्रेग्नन्सी कळल्यावर राजीनामा लिहून घेतला त्यांनी याला ब्रेक म्हणू नये. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, आणि त्या रजेत कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. हे मी एका ओळखीच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ताई मी तर सही करून आले, ते म्हणाले बाळ झाल्यावर बघू. ते "बघू" कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून ज्यांच्या हातात आज-उद्या असा कागद येणार आहे असं वाटतंय, एमआयडीसीत असा की मिहानमध्ये, सही करायच्या किंवा सेंड दाबायच्या आधी एक दिवस मागून घ्या, घरी वाचून सांगतो म्हणा, एवढा अधिकार तुम्हाला आहेच. फोटो काढून कोणालातरी दाखवा, युनियनवाल्याला, ओळखीच्या वकिलाला, पगाराचं काम करणाऱ्या कोणालाही. कामावर ठेवल्याची आणि काढल्याची तारीख, कारण, नोटीसचे पैसे, भरपाई, ग्रॅच्युइटी, उरलेल्या रजा, हे त्यात आहे का बघा, आणि स्वेच्छेने, वैयक्तिक कारण असले शब्द दिसले तर पेन खाली ठेवा. ओळखीतल्यांनी तर सरळ घरी या, शनिवार-रविवार मी असते, चहा होईल आणि तुमचं पत्र आपण ओळीने वाचू.